आईबाबांना दाखवण्यासारखी अमेरिकेतली छोटी गावं सुचवा (नायगरा झाला, व्हेगास नको)

कैरीचं_पन्हं | ४ सप्टेंबर, रात्री ९.४०

लोकहो, मदत हवी आहे. सांगलीहून आईबाबा आलेत, ऑक्टोबर संपेपर्यंत आहेत. मागच्या खेपेला न्यूयॉर्क, नायगरा, वॉशिंग्टन, व्हेगास ही ठरलेली वारी झाली. व्हेगासला तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "हे सगळं बघितलं गं, पण ह्या देशात माणसं राहतात कुठं?" मी म्हटलं, आमच्यासारख्या सबडिव्हिजनमध्ये. तर म्हणाले, "तुमच्या इथं तर कुत्रं फिरवायला सोडून कुणी घराबाहेर पडत नाही."

खोटं नाही ते. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. सांगलीत रोज गणपती मंदिरापर्यंत चालत जायचं, नदीचं पाणी बघायचं, कट्ट्यावर टेकायचं, वाटेत चार जणांशी बोलायचं हा त्यांचा नेम. इथे सकाळी पोर्चवर बसतात आणि शेजारी लॉन कापायला कधी निघतो याची वाट बघतात.

तर गाव हवं. गाडी एकदा लावली की दिवसभर पायी फिरता येईल असं. बसायला बाक हवेत, नदी असेल तर सोन्याहून पिवळं. आईचे गुडघे दुखतात. दोघंही शाकाहारी, केकमधलं अंडं चालतं (कुणी उच्चार करायचा नाही, या अटीवर). आम्ही शिकागोच्या पश्चिमेला उपनगरात राहतो, पण धागा सगळ्यांच्या कामी येईल, तेव्हा कुठल्याही राज्यातलं गाव सांगा.

रस्सापाव | ४ सप्टेंबर, रात्री ९.५८

वाखु (वाचनखूण) साठवली. साबा-साबु (सासूबाई-सासरेबुवा) फेब्रुवारीत फिनिक्सला येताहेत. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

शिकागोचा_सदू | ४ सप्टेंबर, रात्री १०.२०

गलीना. विषय संपला.

बरं, सविस्तर सांगतो. तुमच्यापासून तीन तासांच्या आत. इलिनॉय म्हणजे पोळपाट, हे आपल्याला माहीतच आहे. पण वायव्य कोपरा हिमयुगात हिमनद्यांच्या तडाख्यातून सुटला, त्यामुळे तिथे खऱ्याखुऱ्या टेकड्या आहेत. हायवे २० शेवटच्या तासाभरात वळणं घ्यायला लागतो, तेव्हा आपण अजून याच राज्यात आहोत यावर विश्वास बसत नाही.

गलीना हे शिशाच्या खनिजाचं नाव. १८४०च्या दशकात देशातलं बहुतेक शिसं या भागातून निघायचं. मिसिसिपीतून आगबोटी आत वळून थेट गावाच्या धक्क्याला लागत. मेन स्ट्रीटवर दोन्ही बाजूंना त्या काळातल्या विटांच्या इमारती हाताला हात लावून उभ्या आहेत. रस्ता नदीबरोबर वळत जातो, त्यामुळे पुढचं एकदम दिसत नाही. मला हीच गोष्ट सगळ्यात आवडते. डीसोटो हाउस नावाचं १८५५चं हॉटेल आहे, आजही चालू.

दुसरं म्हणजे ग्रँट. युलिसिस ग्रँट १८६० साली इथे आला तो वडिलांच्या चामड्याच्या दुकानात काम करायला. आधीचे उद्योग बुडालेले, वय अडतीस. पुढच्या वर्षी यादवी युद्धाला गेला आणि १८६५ मध्ये परतला तो विजयी सेनापती होऊन. गावकऱ्यांनी त्याला टेकडीवर घर भेट दिलं, ते बघता येतं. चार वर्षांपूर्वी दुकानात हिशेब लिहिणाऱ्या माणसाला त्याच गावाने घर द्यावं! पुढे राष्ट्राध्यक्ष झाला ते वेगळंच.

गुडघ्यांसाठी सूचना: मेन स्ट्रीट सपाट आहे. वरच्या गल्ल्यांना जायला पायऱ्याच पायऱ्या आहेत, त्या आईंना दाखवूसुद्धा नका. वर जायचं तर गाडीने वळसा घालून जा. शनिवारी पार्किंगची मारामार असते. आठवड्याच्या मधल्या दिवशी गेलात तर निवांत, पण काही दुकानं बंद मिळतील.

राजापूरकर | ५ सप्टेंबर, पहाटे ५.१५

सदू यांनी सांगितलेलं सगळं खरं. फक्त गलीना आज इतकी देखणी का, ते राहिलं. तिचं नशीब फुटलं म्हणून.

शिसं वितळवायला आजूबाजूची झाडं तोडली, डोंगर उघडे पडले, माती नदीत आली, नदी गाळाने भरली. बोटी येईनाशा झाल्या. पाठोपाठ रेल्वे आली आणि व्यापार दुसऱ्या गावांना गेला. वस्ती घटत गेली. जुनं पाडून नवं बांधायला कुणाकडे पैसाच उरला नाही, म्हणून जुनं राहिलं. शिकागोत भरभराट होती, तिथे १८५०ची किती घरं उरली आहेत ते मोजून बघा.

मी मूळचा राजापूरचा, म्हणून हे चटकन कळलं. सतराव्या शतकात राजापुरात इंग्रजांची वखार होती, १६६१ मध्ये महाराजांनी ती लुटली, यावरून पेठ केवढी असेल ते ओळखा. पुढे खाडी गाळाने भरली, गलबतं गावापर्यंत येईनात. लहानपणी आजोबा नदीच्या पात्राकडे हात करून "इथे बंदर होतं" म्हणायचे आणि आम्ही हसायचो. गलीनाला पुलावर उभा राहिलो तेव्हा खाली गुडघाभर पाणी वाटत होतं. इथे आगबोटींची रांग लागायची, असं पाटीवर लिहिलेलं वाचून मला हसू आलं नाही.

हिमांगी_मिशिगन | ५ सप्टेंबर, सकाळी ८.०५

मिशिगनमधल्या मॅकिनॉ आयलंडचं नाव अजून कुणी घेतलं नाही? लिहिताना शेवटी 'सी' असतो, पण 'मॅकिनॅक' म्हणालात की स्थानिक लोक गालात हसतात.

१८९८ मध्ये गावाने मोटारींवर बंदी घातली, ती आजही आहे. बेटाला वळसा घालणारा आठेक मैलांचा राज्य महामार्ग आहे, एम-१८५, आणि त्यावर सायकली, घोडे आणि माणसं. फेरीबोटीने जायचं, सामान उतरवायला घोडागाडी, टॅक्सी म्हणजेही घोडागाडी, त्यामुळे गुडघेवाल्यांची सोय होते. ग्रँड हॉटेल १८८७चं, त्याचा पोर्च ६६० फूट लांब. बाहेरच्यांना तिथे पाय ठेवायलाही पैसे पडतात. मी एकदा भरले, खुर्चीत झुलत दोन तास तळं बघितलं, वसूल केले.

शिकागोहून मात्र सहा-सात तासांचा पल्ला, मुक्काम लागेल. ऑक्टोबर संपता संपता बेट जवळजवळ मिटतं, तेव्हा लवकर ठरवा.

शिकागोचा_सदू | ५ सप्टेंबर, सकाळी ८.३०

थोडक्यात माथेरान.

हिमांगी_मिशिगन | ५ सप्टेंबर, सकाळी ८.४१

सदू, हेच वाक्य माझ्या वडिलांनी फेरीतून उतरता उतरता म्हटलं होतं. फुकट आलो म्हणाले, नेरळला उतरलो असतो. चिक्कीच्या जागी फज. तांबडी माती नाही आणि माकडं नाहीत, एवढाच फरक. लिदीचा वास अगदी तोच.

पण संध्याकाळी शेवटच्या फेऱ्या गेल्यावर रस्त्यावर फक्त टापांचा आवाज उरला, तेव्हा तेच वडील म्हणाले की माथेरानला असं शांत त्यांनी १९७०च्या सुमारास ऐकलं होतं.

वाचनमात्र | ५ सप्टेंबर, सकाळी ११.१२

अवांतर: माथेरानला आता ई-रिक्षा आल्यात. चालू द्या.

डेलावेअरकाठचा | ५ सप्टेंबर, दुपारी १.३०

ईस्ट कोस्टवाल्यांसाठी जिम थॉर्प, पेनसिल्व्हेनिया. एडिसनहून दोन तासांच्या आत. दोन डोंगरांच्या घळीत लीहाय नदी, काठाला रेल्वे, वर उतारावर घरं. ऑक्टोबरमध्ये पानं रंगली की आख्खं न्यू जर्सी तिथेच असतं, म्हणून शनिवार-रविवार वर्ज्य. माझा एकदा पार्किंग शोधण्यात दीड तास गेला आणि घरात जे काही ऐकून घेतलं ते इथे लिहीत नाही.

गावाचं मूळ नाव मॉक चंक. कोळशाचं गाव. १८२७ मध्ये डोंगरावरच्या खाणीतून कोळसा खाली आणायला रेल्वे बांधली: भरलेल्या वाघिणी उताराने आपोआप खाली यायच्या आणि रिकाम्या वर ओढायला खेचरं. ती खेचरंसुद्धा उतरताना वाघिणीत बसून यायची! पुढे खाणीला तिची गरज राहिली नाही, तर लोक मजेखातर तिकीट काढून बसायला लागले. रोलर कोस्टरची आजी म्हणतात तिला.

राजापूरकरांचा नियम इथेही लागू. कोळशाचा धंदा संपला, गाव बसलं. मग १९५४ मध्ये गावाने काय करावं? जिम थॉर्प, १९१२च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन दोन्ही जिंकणारा आदिवासी खेळाडू, आदल्या वर्षी वारला होता. तो ओक्लाहोमाचा, या गावाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. त्याच्या तिसऱ्या बायकोने गावाशी सौदा केला: तुम्ही त्याचं नाव घ्या, स्मारक बांधा, देह तुमच्याकडे देते. पर्यटक येतील ही आशा. मुलांना वडील स्वतःच्या मातीत हवे होते, त्यांनी कोर्टात भांडून पाहिलं. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. देह अजून तिथेच आहे, हायवेच्या बाजूला.

मिरजेची_सतार | ५ सप्टेंबर, दुपारी २.०२

बापरे. पर्यटनासाठी मयत आयात केली?

डेलावेअरकाठचा | ५ सप्टेंबर, दुपारी २.१०

सरळ शब्दांत तेच. आणि पर्यटक आले ते नदीतल्या राफ्टिंगला, सायकलींना आणि रंगीत पानांना. स्मारकाशी मी थांबलो तेव्हा दुसरं कुणी नव्हतं.

टेक्सासची_ताई | ५ सप्टेंबर, संध्या. ६.४५

मयतीवरून जरा जिवंत गावाकडे येऊया का? फ्रेडरिक्सबर्ग, ऑस्टिनहून दीड तास. १८४६ मध्ये जर्मन लोकांनी वसवलं. मेन स्ट्रीट इतका रुंद की बैलगाडी एका दमात वळवता यावी. जुनी "संडे हाउस" बघा: लांबच्या मळ्यांवरचे शेतकरी शनिवारी बाजाराला यायचे, रविवारी चर्च करून परत जायचे, त्या एका रात्रीसाठी गावात बांधलेली खोलीभर घरं. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडे वारकऱ्यांची पंढरपुरात असतात तशी."

गंमत सांगते. कोर्टापासून पूर्वेकडे निघालात की आडव्या रस्त्यांच्या नावांची आद्याक्षरं जोडून "ऑल वेलकम" होतं आणि पश्चिमेकडे "कम बॅक". नातवंडं तासभर गाडीत गप्प बसतात, हा त्याचा खरा उपयोग.

पॅसिफिक युद्धाचं मोठं संग्रहालय आहे, कारण दुसऱ्या महायुद्धातले ॲडमिरल निमिट्झ इथले. समुद्र एवढा लांब आणि गावाने दिला आरमाराचा सेनापती! उन्हाळ्यात पीच मिळतात. ऑगस्टमध्ये जाऊ नका, भाजून निघाल. वाइनवाल्यांची गर्दी हल्ली फार झालीय, पूर्वीची मजा राहिली नाही असं आम्ही जुने लोक म्हणतो. आम्हीही पुण्याहून आलेलोच, पण असो.

निवांत_पाटील | ५ सप्टेंबर, रात्री ९.१५

सिअ‍ॅटलकडे कुणी असेल तर लेव्हनवर्थ. बव्हेरियन (म्हणजे दक्षिण जर्मनीतलं) गाव, डोंगरात, डिसेंबरात दिवाळीसारखी रोषणाई.

राजापूरकर | ६ सप्टेंबर, पहाटे ५.२०

पाटीलसाहेब, राग नसावा, पण ते बव्हेरियन गाव नव्हे. रेल्वेने आपला तळ हलवला, लाकडाची गिरणी बंद पडली, आणि १९६०च्या दशकात गावाने बव्हेरियन मुखवटा चढवला. देखावा आहे तो. कैरीताईंनी खरं गाव मागितलंय.

निवांत_पाटील | ६ सप्टेंबर, सकाळी ७.५०

राग कसला काका. पण मला एक सांगा, गलीना खरी आणि लेव्हनवर्थ खोटं, हे ठरवलं कुणी? तुमच्या गलीनाकडे पाडायला पैसे नव्हते म्हणून ती वाचली, त्यात तिचं कर्तृत्व काय? लेव्हनवर्थवाल्यांनी मरायला टेकलेलं गाव स्वतः हातपाय मारून उभं केलं. कॅलिफोर्नियातलं सॉल्वँग बघून आले आणि म्हणाले, आपणही करू. तिथल्या बेकरीत पहाटे चारला उठणाऱ्या बाईचं काम खोटं नसतं.

कोथिंबीरवडी | ६ सप्टेंबर, सकाळी ८.२२

पाटलांना +१. सॉल्वँग तर निदान खऱ्या डॅनिश लोकांनी १९११ मध्ये वसवलंय. पवनचक्क्या वगैरे नंतरचा साज. आम्ही सांता बार्बराहून जाऊन आलो. महत्त्वाची माहिती: तिथे एब्लेस्कीवर नावाचा पदार्थ मिळतो. दुकानाच्या खिडकीत बाई विणायच्या सुईसारख्या सळीने गोळे उलटत होती आणि माझी आई काचेला नाक लावून उभी. म्हणाली, "अगं, हे तर आप्पेपात्र!" खरोखर आप्पेपात्रच, बिडाचं, गोल खळग्यांचं. वर जॅम आणि पिठीसाखर. अंडं असतं, उच्चार केला नाही.

तिथून आईने ते पात्र विकत घेतलं. आता आमच्याकडे सांता बार्बराहून कुडाळला नेलेलं आप्पेपात्र आहे.

रस्सापाव | ६ सप्टेंबर, सकाळी १०.३०

आम्हा ॲरिझोनावाल्यांना कुणी वाली आहे का?

खाणकामगार | ६ सप्टेंबर, रात्री ८.१८

आहे की. बिझबी. फिनिक्सहून साडेतीन तास, मेक्सिकोच्या सीमेला टेकलेलं. फेब्रुवारी उत्तम, पण साडेपाच हजार फुटांवर आहे, स्वेटर घ्या. मी खनिकर्म शिकलो, त्यामुळे माझं प्रेम आंधळं आहे हे आधीच सांगतो.

तांब्याचं गाव. घरं डोंगराच्या उतारावर अशी चिकटवलेली की खालच्या घराचं छप्पर वरच्या घराच्या उंबऱ्याला लागतं. घराघरापर्यंत काँक्रीटचे जिने. १९७५ला खाण बंद झाली, घरं मातीमोल झाली, ती हिप्पी आणि चित्रकारांनी घेतली. त्यामुळे गावाला थोडा वेडसर रंग आहे. क्वीन माइनमध्ये छोट्या गाडीवर घोड्यासारखं बसवून आत नेतात, अंगावर पिवळा कोट, डोक्याला दिवा. आत बारा महिने ४७ अंश फॅरनहाइट, म्हणजे आपले आठ. बंद जागेची भीती असणाऱ्यांनी बाहेर बसावं. शेजारी लॅव्हेंडर पिट नावाचा प्रचंड खड्डा आहे. फुलांशी संबंध नाही, ते खाणीच्या एका अधिकाऱ्याचं आडनाव.

आणि निवांत पाटील, खरं-खोटं काय ते इथे कळतं. १२ जुलै १९१७ रोजी इथे संपावर असलेल्या खाणमजुरांना आणि त्यांना साथ देणाऱ्यांना, सुमारे १,२०० माणसांना, बंदुकीच्या धाकाने घराघरातून काढलं, गुरांच्या डब्यांत कोंबलं आणि न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात नेऊन सोडलं. पकडणाऱ्यांत त्यांच्याच गावचे लोक होते. कॉफी पिता पिता त्या गल्ल्या बघताना हे माहीत असलेलं बरं.

मिरजेची_सतार | ६ सप्टेंबर, रात्री ९.००

वॉशिंग्टनला जाणाऱ्यांनी हार्पर्स फेरी चुकवू नका. पोटोमॅक आणि शेनँडोआ यांचा संगम, वस्ती तीनशेच्या आत. गुलामगिरी मोडायला निघालेल्या जॉन ब्राउनने ऑक्टोबर १८५९ मध्ये इथल्या शस्त्रागारावर हल्ला केला, पकडला गेला, डिसेंबरात फासावर गेला. दीड वर्षात यादवी युद्ध पेटलं. ट्रेनही जाते. वरच्या खडकावरून दिसणाऱ्या देखाव्याबद्दल पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेफरसनने लिहिलं होतं की या दृश्यासाठी अटलांटिक ओलांडून यावं. आमचे बाबा म्हणाले, आम्ही तर अरबी समुद्रही ओलांडून आलो. त्या खडकापर्यंत चढ आहे, गुडघेवाल्यांनी खाली संगमावरच बसावं.

कोथिंबीरवडी | ६ सप्टेंबर, रात्री ९.३३

सगळ्यांना एक सूचना, स्वतः भोगून शिकलेली. व्हिक्टोरियन बी अँड बी (जुन्या घरांतली मुक्काम-न्याहारीची सोय) फोटोत सुंदर दिसतात. खोली वरच्या मजल्यावर, जिना उभा, आणि अंघोळीला ते वाघाच्या पंजाच्या पायांचं टब, ज्याचा काठ आईच्या मांडीच्या वर. दोन दिवस आईने बेसिनपाशी तांब्याने अंगाला पाणी लावलं. फोन करून दोनच प्रश्न विचारा: खोली खालच्या मजल्यावर आहे का, आणि शॉवर उभ्याने घेता येतो का. नाहीतर हायवेवरचं मोटेल बरं, काउंटरवर बहुधा गुजराती काका असतात आणि चहा मागितला की आतून येतो.

जेवण: छोट्या गावात पिझ्झा, ग्रिल्ड चीज, नाहीतर फ्राइज. लोणच्याची बाटली आणि दशम्या बरोबर असू द्या. किचनं आठला बंद होतात.

कैरीचं_पन्हं | २५ सप्टेंबर, रात्री १०.०५

सगळ्यांचे आभार, जाऊन आलो! गलीनाच केलं, मंगळवारी गेलो, मुक्काम एक रात्र. सदू म्हणाले तशी काही दुकानं बंद होती, पण बाक रिकामे होते.

आईला ग्रँटचं घर आवडलं. "चामड्याच्या दुकानातला पोरगा" म्हणून तिने त्याला लगेच आपलं करून टाकलं. पायऱ्या दाखवल्या नाहीत, तिने स्वतःच बघितल्या आणि मान हलवून पुढे गेली.

बाबा मात्र मेन स्ट्रीटच्या तोंडाशीच अडकले. तिथे रस्त्यात भलेमोठे हिरवे पोलादी दरवाजे आहेत, पूर आला की बंद करायचे. आम्ही सगळे फजच्या दुकानात, आणि बाबा दरवाजाच्या बिजागऱ्या हाताने चाचपताहेत. पलीकडच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, ते उठून आले. पुढचा पाऊण तास मी लांबून बघत होते. बाबांचं इंग्रजी टेंडर नोटिशीचं, त्या आजोबांचं तोंडातल्या तोंडात. पण दोघं हात कमरेला, छातीला, डोक्याला लावून पाण्याची पातळी दाखवत होते. बाबा सांगत होते की २०१९ला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. सांगलीत पाणी फुटांत मोजतात आणि अमेरिकेतही, त्यामुळे भाषांतर करावं लागलं नाही. आजोबांनी "फिफ्टी-सेव्हन?" असं तीनदा विचारलं.

मग बाबांनी विचारलं, दरवाजे लावल्यावर गावात पडलेल्या पावसाचं पाणी बाहेर कसं काढता? आजोबा विचारात पडले. एवढी वर्षं इथे राहतो, पण हे कधी विचारलं नाही म्हणाले. दोघं मिळून भिंतीच्या कडेकडेने बघायला निघून गेले आणि आम्ही जेवायला थांबून राहिलो.

राजापूरकर काका, पुलावर तुमची आठवण काढली. बाबांनी पात्राकडे बघून एवढंच म्हटलं, "गाळ काढायला हवा होता."

आता रोज सकाळी फोनवर आधी कृष्णेची पातळी बघतात, मग मिसिसिपीची. मॅकिनॉ ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ठरतंय. हिमांगी, फेरीची तिकिटं आधी काढावी लागतात का?

राजापूरकर | २६ सप्टेंबर, पहाटे ५.१०

बाबांना माझा नमस्कार सांगा. ते पाणी कसं काढतात, ते कळलं तर इथे जरूर लिहा.